निजामाच्या बसगाड्या आणि हेडखालचे पॅकिंग

हैदराबाद संस्थानात मोटार-इंजिनाची दुरुस्ती संघटितपणे उभी राहण्याच्या दृष्टीने 1932 हे वर्ष महत्त्वाचे मानावे लागते, कारण त्या वर्षी निजाम स्टेट रेल्वेने 27 बसगाड्या आणि 166 कर्मचारी घेऊन रस्ते वाहतूक सुरू केली. त्यांतील एक अल्बियन गाडी ‘डेक्कन क्वीन’ या नावाने पुढे जतन झाली. त्या काळच्या इंजिनांत ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये बसणारे गॅस्केट, म्हणजे कारागिरांच्या बोलीतले पॅकिंग, बहुधा तांब्याच्या पातळ पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस दाबून केलेले असे. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळावे लागत, कारण एक बाजू आधी दबली की हेड किंचित वाकून ज्वलनाचा वायू पाण्याच्या वाटेत शिरे. व्हॉल्व्ह हेडमध्येच असल्यास हेड उलटे ठेवून ज्वलनकक्षात रॉकेल ओतायचे आणि पोर्टच्या तोंडाशी ओल येते का ते पाहायचे, ही परीक्षा साधी, पण बोलकी होती. ठरावीक दाबफरकाखाली पोर्टमधून किती हवा वाहते हे मोजण्याचे तंत्र इंग्लंडात हॅरी वेस्लेक यांनी 1920च्या दशकात विकसित केले. तथापि ते शर्यतीच्या गाड्यांचे शास्त्र होते आणि वेगापेक्षा वेळेवर पोहोचण्याला बांधलेल्या बसला त्याची फारशी गरज नव्हती.