ओवा

ओवा (शास्त्रीय नाव: ट्रॅकिस्पर्मम अम्मी, कुळ: एपिएसी) ही जिरे, धने, बडीशेप व शेपू यांच्या कुळातील सुगंधी वर्षायू वनस्पती आहे. तिची वाळलेली फळे मसाला व घरगुती औषध म्हणून वापरली जातात. व्यवहारात त्यांना बी म्हटले जात असले, तरी शास्त्रीयदृष्ट्या ती फळे आहेत. महाराष्ट्रातील लोकपरंपरेत ओव्याचे स्थान मुख्यतः पचनाशी आणि बाळंतिणीच्या खोलीशी जोडलेले आहे.

नाव आणि वर्णन

संस्कृतमध्ये ओव्याला यवानी, यवानिका व दीप्यक अशी नावे आहेत. मराठीतील ‘ओवा’ हा शब्द ‘यवानी’वरून आल्याचे मानले जाते. ‘दीप्यक’ हे नाव जठराग्नी प्रदीप्त करण्याच्या गुणावरून पडले आहे. हिंदीत त्यास अजवाइन, तर गुजरातीत अजमो म्हणतात. भारतात हे पीक प्रामुख्याने रब्बी हंगामात घेतले जाते. राजस्थान व गुजरात ही त्याची प्रमुख उत्पादक राज्ये आहेत.

ओव्याच्या फळांत सुमारे २ ते ४ टक्के बाष्पनशील तेल असते. त्यातील थायमॉल या घटकामुळे ओव्याला तिखट चव व उग्र वास येतो. थंडाव्यात तेलातून वेगळ्या होणाऱ्या थायमॉलच्या स्फटिकांना ‘ओव्याचे फूल’ म्हणतात. हे फूल, कापूर आणि पुदिन्याचे फूल एकत्र केल्यास तिन्ही घन पदार्थ आपोआप द्रवरूप होतात. ‘अमृतधारा’ या प्रसिद्ध घरगुती औषधाचा हाच आधार आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातील ओवा थायमॉल काढण्यासाठी जर्मनीला जात असे. अंकुशकृमींवरील औषध म्हणून त्या काळी थायमॉलला मागणी होती.

स्वयंपाकातील उपयोग

बेसन, डाळी व तळलेले पदार्थ पचण्यास जड मानले जात असल्याने भजी, शेव, चकली व तिखट-मिठाच्या पुऱ्या यांत ओवा चुरडून घालतात. बुलढाणा तालुक्यातील देऊळघाट ज्या पश्चिम वऱ्हाडात येते, त्या भागात आणि लगतच्या खानदेशात वरण-बट्टीच्या पिठात, तसेच वरणफळांत ओवा घालण्याची पद्धत आहे. जेवणानंतर चिमूटभर ओवा सैंधवासह चावून खाणे हा पोटदुखी व गॅसवरील सर्वपरिचित उपाय आहे. गुरांच्या पोटफुगीवरही ओवा व हिंग देण्याची प्रथा ग्रामीण भागात आढळते.

बाळंतपणातील प्रथा

प्रसूतीनंतरचा सव्वा महिना बाळंतिणीच्या शरीरात ‘वारा शिरू नये’ म्हणून तिला उष्ण पदार्थ द्यावेत, अशी समजूत आहे. ओवा उष्ण मानला जात असल्याने तिला ओव्याचे पाणी, तसेच ओवा, बाळंतशेपा व सुके खोबरे घातलेला विडा दिला जातो. आईने खाल्लेले दुधावाटे बाळाच्या अंगी लागते, या समजुतीमुळे आईचा ओवा हा बाळाच्या पोटदुखीवरचाही उपाय ठरतो. बाळाचे पोट दुखत असल्यास घरातील वडीलधारी स्त्री ओवा चावून त्याच्या पोटावर फुंकर घालते. सर्दी झाल्यास गरम केलेल्या ओव्याची पुरचुंडी हुंगवतात किंवा छाती शेकतात.

बाज किंवा खाटेखाली शेगडी ठेवून निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग व लसणाची साले टाकून माय-लेकरांना धुरी देण्याची पद्धतही प्रचलित आहे. आधुनिक वैद्यक मात्र नवजात बाळाला धूर देऊ नये असे सांगते. धुराने बाळाच्या श्वसनमार्गास अपाय होतो आणि बंद खोलीतील निखाऱ्यांमुळे कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे. त्यामुळे ओव्याचे पाणी थेट बाळाला पाजणे या शिफारशीशी विसंगत आहे.

नामसाधर्म्य

‘ओवा’ हे नाव इतर काही वनस्पतींनाही लावले जाते. नामसाम्यामुळे होणारी गफलत घातक ठरू शकते.

पानओवा: अंगणातील कुंडीत वाढणारी, जाड व लवदार पानांची ही वनस्पती तुळशीच्या कुळातील आहे. वास ओव्यासारखा असल्याने तिला हे नाव मिळाले. तिच्या पानांची भजी करतात. मसाल्यातला ओवा मात्र तिच्यापासून मिळत नाही.

किरमाणी ओवा: ही दवण्याच्या प्रजातीतील वनस्पती आहे. तिच्यातील सँटोनिन हे द्रव्य पूर्वी जंतांवर वापरले जाई. त्याची मात्रा अधिक झाल्यास विषबाधा होते.

खुरासानी ओवा: संस्कृत ग्रंथांतील ‘पारसीक यवानी’ ती हीच. ती धोतऱ्याच्या कुळातील असून तिच्या बियांत हायोसायमीन व स्कोपोलामीन ही विषारी द्रव्ये असतात. चुकून खाल्ल्यास भ्रम, तोंडाला कोरड व बेशुद्धी ही लक्षणे दिसू शकतात. नावात ‘ओवा’ असला, तरी ती स्वयंपाकात किंवा बाळंतिणीच्या औषधात वापरण्याजोगी नाही.