घरात वारा नव्हता, म्हणून रस्ता भरला : न्यूयॉर्कचा उन्हाळा, मुले आणि तीन कॅमेरे

१/
साल १९३७. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड वस्तीतला एक रस्ता. रस्त्याकडेचा अग्निशमनाचा नळ उघडलेला आहे, पाण्याचा फवारा उडतो आहे आणि मुले त्यात मनसोक्त भिजत आहेत. हे कृष्णधवल छायाचित्र आर्थर फेलिग ऊर्फ ‘वीजी’ यांचे. अशी चित्रे आज ‘हरवलेले निरागस बालपण’ म्हणून फिरतात. आजच्या धाग्यात ती इतिहासाचे साधन म्हणून वाचू.

२/
पहिला प्रश्न साधा आहे. एवढी मुले रस्त्यावर का? उत्तर रस्त्यावर नाही, घरात आहे. स्थलांतरित कामगारांची कुटुंबे टेनेमेंट नावाच्या चाळवजा इमारतींत राहत. भूखंड साधारण २५ फूट रुंद आणि १०० फूट लांब, त्यावर भिंतीला भिंत भिडलेले पाच-सहा मजले. आतल्या खोल्यांना उजेड आणि वारा जेमतेमच मिळे.

३/
१९०१ च्या कायद्याने नव्या इमारतींत उजेड, वारा आणि मोकळी जागा यांची सक्ती केली. पण आधी बांधलेल्या हजारो इमारती तशाच उभ्या राहिल्या. १९३०च्या दशकातही गरीब कुटुंबे त्यांतच राहत होती. उन्हाळ्यात दिवसभर तापलेल्या विटा रात्री घरात उष्णता सोडत.

४/
९ जुलै १९३६ रोजी सेंट्रल पार्कमधील तापमापकाने १०६ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४१ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले. नागपूर-चंद्रपूरच्या वाचकांना हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु दमट हवा, वारा न येणाऱ्या खोल्या आणि एका खोलीत चार-पाच माणसे, हे सारे त्यात मिळवून पाहा. घरगुती वातानुकूलन तेव्हा सामान्यांच्या स्वप्नातही नव्हते.

५/
शहराला हे दिसत नव्हते असे नाही. १९१४ पासूनच काही रस्ते ठरावीक वेळी वाहनांना बंद करून मुलांसाठी मोकळे ठेवले जात. १९३६ च्या उन्हाळ्यात महामंदीतील रोजगार योजनेच्या पैशातून ११ भव्य सार्वजनिक जलतरण तलाव खुले झाले. तरीही प्रत्येक गल्लीला तलाव मिळणे शक्य नव्हते. नळ मात्र गल्लोगल्ली होता.

६/
म्हणून नळ उघडणे हा खेळ होता आणि कुरापतही. पाणी असे वाहू लागले की वाहिनीतला दाब घटतो. जवळपास आग लागली तर बंबाला पाणी कमी पडू शकते. त्यामुळे पोलीस आणि अग्निशमन दल नळ बंद करीत, आणि ते वळले की मुले पुन्हा उघडीत. फवाऱ्याच्या चित्रात आपल्याला आनंद दिसतो. त्या आनंदामागे सार्वजनिक पाणी कोणासाठी, हा वाद आहे.

७/
चित्रात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे आईबापांची भीती. पोलिओ उन्हाळ्यात फैलावत असे. १९१६ च्या साथीत एकट्या न्यूयॉर्क शहरात दोन हजारांहून अधिक बळी गेले, आणि त्यांत बहुतांश लहान मुले होती. लस आली १९५५ मध्ये. म्हणजे या चित्रांच्या काळात गर्दीत, पाण्यात खेळणारे मूल पाहून आईच्या काळजात धस्स होत असणार.

८/
आता कॅमेऱ्यांकडे वळू. पहिला कॅमेरा वीजींचा. १८९९ मध्ये जन्मलेला हा माणूस लहानपणी पूर्व युरोपातून लोअर ईस्ट साइडला आला आणि त्याच दाटीत वाढला. हातात मोठा ‘स्पीड ग्राफिक’ कॅमेरा, वर झगझगीत फ्लॅश, आणि गिऱ्हाईक म्हणजे वृत्तपत्रे. खून, आग, अपघात हे त्यांचे रोजचे विषय होते.

९/
१९४१ च्या उष्म्यात वीजींनी आगीच्या वेळी उतरण्यासाठी बसवलेल्या लोखंडी जिन्यावर दाटीवाटीने झोपलेली मुले टिपली. दिवसा रस्ता आणि रात्री जिना. नळाचे चित्र आणि हे चित्र शेजारी ठेवा. दोन्हींचे कारण एकच आहे, घरात थांबणे अशक्य होते. एकात ते हसताना दिसते, दुसऱ्यात निपचित पडलेले.

१०/
दुसरा कॅमेरा हेलन लेव्हिट यांचा. जन्म १९१३, ब्रुकलिन. त्यांच्याकडे छोटा ‘लायका’ होता आणि त्याला काटकोनात पाहता येईल असा दर्शक जोडलेला असे. त्या पाहताहेत एका दिशेला असे वाटे, चित्र मात्र दुसऱ्या दिशेचे निघे. त्यामुळे मुले कॅमेऱ्यासाठी ‘उभी’ राहत नाहीत. आपल्या खेळात ती पुरती बुडालेली असतात.

११/
१९३७ च्या सुमारास लेव्हिट मुलांना चित्रकला शिकवीत होत्या. जाता-येता फुटपाथवर आणि भिंतींवर मुलांनी खडूने काढलेल्या आकृती त्यांना दिसू लागल्या. पाऊस आला की पुसून जाणारी ती रेघ. त्यांनी तिची छायाचित्रे घेतली, पुढे ती रेघ काढणाऱ्या मुलांचीही. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांच्या बालचित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले.

१२/
लेव्हिट यांचे १९४० च्या सुमाराचे एक प्रसिद्ध चित्र पाहा. आरसा फुटला आहे. दोन मुले त्याची रिकामी चौकट धरून उभी आहेत, काही वाकून काचा वेचताहेत, आणि चौकटीतून सायकलवरचे एक मूल दिसते आहे. येथे दया मागणारे कोणी नाही. मोडकी वस्तूही खेळ झाली आहे. गरिबीच्या आकडेवारीत ही कल्पकता कधी नोंदवली जात नाही.

१३/
तिसरा कॅमेरा आर्थर लाइपझिग यांचा. १५६० साली पीटर ब्रॉयगल या चित्रकाराने दोनशेहून अधिक मुलांचे खेळ एकाच फलकावर रंगवले होते. ते पाहून लाइपझिग यांनी १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरील खेळांची मालिका सुरू केली. जवळपास चार शतकांनंतरही अनेक खेळ ओळखू येण्याजोगे होते. १९४८ मध्ये त्यांनी ईस्ट रिव्हर नदीत उड्या टाकणारी मुलेही टिपली.

१४/
येथे कथेला वळण मिळते. लाइपझिग ‘फोटो लीग’ या छायाचित्रकारांच्या संस्थेत घडले होते. १९३६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था स्वस्तात छायाचित्रण शिकवी आणि आपल्याच शहरातील सामान्यांचे जीवन टिपण्यास प्रवृत्त करी. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकी सरकारने राष्ट्रनिष्ठेबाबत संशयास्पद संस्थांच्या यादीत तिचे नाव घातले. १९५१ मध्ये संस्था बंद पडली.

१५/
याचा अर्थ नीट घेऊ. गोट्या खेळणाऱ्या मुलाचे चित्र गुन्हा ठरले नव्हते. पण गरीब वस्तीत कॅमेरा घेऊन सातत्याने जाणे, हेच शीतयुद्धाच्या वातावरणात राजकीय ठरू शकत होते. ज्यांना आपण आज ‘गोड’ म्हणतो, अशी चित्रे घेणाऱ्यांना त्या गोडव्याने संरक्षण दिले नाही.

१६/
आणि ही चित्रे कृष्णधवल का? गतकाळाची हुरहुर म्हणून नव्हे. कोडाक्रोम ही रंगीत फिल्म १९३५-३६ मध्ये बाजारात आली, पण ती महाग होती आणि तिला प्रकाश फार लागे. कृष्णधवल फिल्म स्वस्त होती, घरच्या काळोख्या खोलीत धुता येई आणि वृत्तपत्रांत सहज छापता येई. आज फिल्टर लावून आपण जी हुरहुर आणतो, ती त्या काळाची नाही, आपली आहे.

१७/
मग रस्ता रिकामा कसा झाला? १९५० मध्ये अमेरिकेतील सुमारे ९ टक्के घरांत दूरचित्रवाणी संच होता. १९६० पर्यंत हे प्रमाण ८५ टक्क्यांच्या पुढे गेले. मोटारी वाढल्या, जुन्या इमारती पडल्या, पुढे घरोघरी वातानुकूलन आले. लेव्हिट १९५९ नंतर रंगीत फिल्म घेऊन त्याच शहरात पुन्हा फिरल्या. दूरचित्रवाणीपूर्व काळातील ती गजबज ओसरत गेल्याचे त्यांनीही पुढे बोलून दाखवले.

१८/
म्हणून ‘ते दिवस किती छान होते’ हा निष्कर्ष अपुरा आहे, आणि ‘बिचारी मुले’ हाही. मुलांना रस्त्यावर आणले ते कोंदट घराने. त्या रस्त्याचे क्रीडांगण केले ते मुलांनी. घरात वारा आला ही प्रगतीच, पण त्याच ओघात रस्त्यावरचा मुलांचा हक्क कोणी ठराव न करता निघून गेला. ही चित्रे त्या हक्काचा पुरावा आहेत.

१९/
एक उणीव मात्र राहिली. लेव्हिट यांच्या बहुतेक चित्रांखाली फक्त ‘न्यूयॉर्क’ आणि अंदाजे साल आहे. मुलांची नावे नाहीत, अनेकदा गल्लीही नाही. चेहरे जगभर पोहोचले, पण ती मुले होती कोण, हे चित्र सांगत नाही. आणि न कळत घेतलेल्या चित्राला त्यांची संमती कोणी विचारली होती, हा प्रश्नही आपण टाळू नये.

२०/
शेवटी एक काम. आपल्या घरच्या जुन्या अल्बममध्ये अंगणात, गल्लीत किंवा चाळीच्या जिन्यावर खेळणाऱ्या मुलांचा फोटो असेल, तर तो आजी-आजोबांना दाखवा. मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा : कोण, कुठे, साधारण कधी, कोणता खेळ. खडूची रेघ पावसात गेली तरी चालेल. नावे जायला नकोत.

धागा समाप्त.