मिनिट आणि मायन्यूट

मिनिट आणि मायन्यूट हे एम, आय, एन, यू, टी, ई या एकाच अक्षरक्रमाने लिहिले जाणारे, परंतु उच्चार व अर्थ यांत भिन्न असलेले दोन इंग्रजी शब्द आहेत. 'मिनिट' हा उच्चार नामाचा व क्रियापदाचा असून त्याचे अर्थ साठ सेकंदांचा अवधी, अंशाचा साठावा भाग, सभेच्या कामकाजाची नोंद आणि अशी नोंद करणे असे आहेत. 'मायन्यूट' हे विशेषण असून त्याचा अर्थ अतिशय लहान, सूक्ष्म किंवा बारकाव्यांसह केलेला असा होतो. मराठीने यांपैकी केवळ पहिला उच्चार आपलासा केला आहे. त्यामुळे इंग्रजी मजकूर वाचताना मराठी भाषकाची गल्लत बहुधा दुसऱ्या शब्दापाशी होते.

व्युत्पत्ती

दोन्ही शब्दांचे मूळ एकच, 'लहान केलेला' या अर्थाचे लॅटिन 'मिनुतुस' हे रूप. मध्ययुगीन लॅटिनमध्ये एखाद्या एककाच्या साठाव्या भागाला 'पहिला लहान भाग' आणि त्याच्याही साठाव्या भागाला 'दुसरा लहान भाग' म्हणत. पहिल्यातून 'मिनिट' आले, दुसऱ्यातून 'सेकंद'. मिनिट हे नाम फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले, तर विशेषण नंतर थेट लॅटिनमधून घेतले गेले. उपाहारगृहातील 'मेन्यू' हा शब्दही याच कुळातला आहे. लीड (नेणे) आणि लेड (शिसे) यांचेही इंग्रजी लेखन एकच आहे, पण त्यांचे मूळ वेगवेगळे असून सारखे लेखन हा योगायोग आहे. येथे तसे नाही.

उच्चार व ओळख

नामात आघात पहिल्या अवयवावर असतो व पुढचा स्वर दुबळा होऊन 'इ'सारखा ऐकू येतो. विशेषणात आघात दुसऱ्या अवयवावर जातो, तेथे पूर्ण 'यू' उमटतो आणि आधीच्या 'आय' या अक्षराचा उच्चारही 'आय' असाच होतो. अमेरिकेत 'मायनूट' असेही म्हणतात.

मराठी वाचकाला ही गोष्ट अनोळखी नाही. 'तो घरी जात आहे' यातील 'जात' आणि जातिव्यवस्थेतील 'जात' एकसारखेच लिहितात, पण दोन्हींतील 'ज' वेगळा आहे. 'जग' (विश्व) आणि 'जग' (जिवंत राहा) यांचेही तसेच. वाक्य पाहून योग्य उच्चार निवडण्याची सवय मराठी माणसाला लहानपणीच लागते. इंग्रजीत मात्र ती मुद्दाम लावून घ्यावी लागते.

शब्दानंतर कण, प्रमाण, फरक किंवा तपशील अशा अर्थाचे नाम आले, तर उच्चार सहसा 'मायन्यूट' होतो. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील 'मायन्यूट पार्टिकल्स' म्हणजे सूक्ष्म कण. त्याचे 'मिनिट पार्टिकल्स' असे वाचन निरर्थक ठरते. 'पुढे नाम आले की विशेषण' हा नियम मात्र पुरेसा नाही. घड्याळातील मिनिटकाटा, सभेचे मिनिट बुक, दहा मिनिटांची चाल या अर्थाच्या इंग्रजी शब्दप्रयोगांत पुढे नाम असूनही उच्चार 'मिनिट' असाच राहतो. 'मायन्यूटली' या क्रियाविशेषणाचा वेळेशी संबंध नाही. त्याचा अर्थ 'बारकाईने'.

मराठीतील व मुंबई उपनगरांतील वापर

वेळवाचक 'मिनिट' मराठीत नपुंसकलिंगी असून 'मिनिटे', 'मिनिटांत', 'मिनिटाला' अशी मराठी वळणाची रूपे घेतो. सभेच्या नोंदीसाठी मात्र बोलताना 'मिनिट्स' हे इंग्रजी अनेकवचनच वापरतात आणि लिहिताना 'इतिवृत्त' किंवा 'कार्यवृत्त'. इंग्रजीत एका शब्दावर असलेला भार मराठीने असा वाटून घेतला. विशेषणाची जागा 'सूक्ष्म' आणि 'बारीक' यांनी आधीच व्यापली होती.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत यांपैकी दोन अर्थ नित्याचे आहेत. फलाटावरील दर्शक लोकल येण्यास उरलेली मिनिटे दाखवतो आणि प्रवासी गाडीला 'सात बावन्नची' अशा मिनिटावरून पडलेल्या नावाने ओळखतात. वर्सोवा ते घाटकोपर ही सुमारे ११.४ किलोमीटरची मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली, तेव्हा तिचे वर्णन 'एकवीस मिनिटांत' असेच केले गेले. दुसरा अर्थ गृहनिर्माण संस्थांतला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत घ्यावी लागते आणि तेथे बहुधा मागील सभेचे 'मिनिट्स' वाचून कायम केले जातात. कोणता ठराव झाला यावर वाद उद्भवला, तर या नोंदीचाच आधार घ्यावा लागतो.

तिसरा अर्थ कोनाचा. भारतीय ज्योतिषात अंशाच्या साठाव्या भागाला 'कला' व कलेच्या साठाव्या भागाला 'विकला' म्हणतात. पंचांगात ग्रहांची स्थिती याच एककांत दिलेली असते. कोनाचे मिनिट आणि वेळेचे मिनिट एक नव्हे. पृथ्वी एक अंश फिरण्यास वेळेची चार मिनिटे लागतात, म्हणजे एका कलेला चार सेकंद. बोरिवलीचे रेखांश सुमारे ७२ अंश ५१ कला पूर्व आणि मुलुंडचे सुमारे ७२ अंश ५७ कला. त्यामुळे मुलुंडला सूर्य माथ्यावर बोरिवलीपेक्षा सुमारे २४ सेकंद आधी येतो. जुन्या मोजणीत एवढ्या अवधीला एक पळ म्हणत. साठ पळांची घटका, म्हणजे २४ मिनिटे.