न दाखवलेला अपघात

एमएस्सी झालेला मुलगा इराणी सिनेमावर पीएचडी करतो म्हटलं की आमच्या हमरापुरात पहिला प्रश्न येतो, "त्याचं नि आपलं काय?" गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी चालू असताना उत्तर थोडक्यातच द्यावं लागतं. मी सांगतो, पहिला फारसी बोलपट मुंबईत बनला. 'दुख्तर-ए-लोर', १९३३, इम्पिरियल फिल्म कंपनी. 'आलम आरा'वाले अर्देशिर इराणीच! त्यात नायक तो नायक आणि दरोडेखोर तो दरोडेखोर. नायिका सुटेल का, एवढाच घोर.

आता असगर फरहादींचा २०११चा 'अ सेपरेशन' बघा. नादिर रागाच्या भरात मोलकरणीला दाराबाहेर ढकलतो, तिचा गर्भ जातो. खटला अडतो एका प्रश्नावर: ती गरोदर आहे हे त्याला माहीत होतं का? होतं. तो नाही म्हणतो, आणि त्याच्यासाठी त्याची मुलगीही न्यायाधीशासमोर खोटं बोलते. पण खरी गंमत आधीच होऊन गेलेली असते. नादिरचे विस्मरण झालेले वडील रस्त्यावर भरकटतात, मोलकरीण त्यांच्यामागे धावते आणि तिथेच दृश्य तुटतं. गाडीची धडक तिला त्या तुटलेल्या जागेत बसलेली असते. आपल्याला ते कळतं शेवटाकडे. प्रयोगशाळेत एखादं वाचन मुद्दाम गाळलं तर आपण त्याला लबाडी म्हणतो. इथे दिग्दर्शकाने नेमकं तेच केलंय, आणि आपण उरलेल्या वाचनांवर बिनधास्त निकाल देत बसतो.

मराठीत याच्या जवळ जाणारा सिनेमा, माझ्या मते, संदीप सावंतांचा 'श्वास' (२००४). 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवणारा पहिला मराठी सिनेमा. इथे मात्र आपल्यापासून काहीच लपवलेलं नाही. कोकणातल्या परशाला डोळ्यांचा कर्करोग. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. आजोबांना माहीत, डॉक्टरांना माहीत, आपल्यालाही. माहीत नाही ते फक्त परशाला. त्याला सांगायचं कुणी? ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि आजोबा-नातू दवाखान्यातून गायब होतात. आजोबा त्याला शेवटचं जग दाखवायला घेऊन गेलेत. डॉक्टरांचा संताप चुकीचा नाही, आजोबाही नाहीत.

हे ऐकून कारखान्यात वादच पेटला. आखणी करणारे काका म्हणाले, पोराला सांगायलाच नको होतं. शेजारचे म्हणाले, डॉक्टर बरोबर. 'अ सेपरेशन' मी त्यांना अजून दाखवलेला नाही. विसर्जन झाल्यावर बघू.