नवें म्हणावें तें कशाला?

दर वर्षीं एखादी कंपनी मोठ्या समारंभानें नवा स्मार्टफोन जाहीर करिते, आणि असें यंत्र जगांत पूर्वीं झालेंच नाहीं, अशी ग्वाही त्याबरोबर असतेच. गृहस्थ मात्र पैशाची पिशवी सोडण्यापूर्वीं विचारतो: यांत नवें तें काय? श्रोतेहो, हा प्रश्न निघाला कीं मला मालवणजवळच्या सुकळवाड गांवाची आठवण होते.

तेथें १८९० सालीं जन्मलेले रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे पुढें मुंबईस गेले, आणि १८ मे १९१२ रोजीं त्यांचा 'पुंडलिक' गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें पडद्यावर आला. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्याच गृहांत लोकांपुढें आला तो ३ मे १९१३ रोजीं. तारखाच पाहिल्या तर पहिल्या हिंदी चित्रपटाचा वाद तेथेंच मिटावा. पण शंभर वर्षें उलटलीं तरी तो मिटलेला नाहीं.

याचें कारण उघड आहे. 'पुंडलिक' हें मुळांत रंगभूमीवरचें नाटक. तें टिपलें विलायती कॅमेऱ्यानें. कॅमेरा चालविणारा जॉन्सन नांवाचा इंग्रज. आणि फिल्म धुण्यास गेली ती लंडनला. कॅमेराहि मुंबईस अपूर्व नव्हता. ल्यूमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें ७ जुलै १८९६ रोजींच वॉटसन हॉटेलांत झळकलीं होतीं, आणि भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनीं १८९९ सालीं कुस्तीचा सामना टिपला होता. फाळके मात्र स्वतः लंडनला जाऊन हेपवर्थच्या कारखान्यांत विद्या शिकून आले. दादरच्या राहत्या घरांत त्यांनीं फिल्म धुतली, आणि सरस्वतीबाईंनीं संसार सांभाळून काळोखांत त्या फिल्मला भोंकें पाडलीं. स्वयंपाकघराला लागून एक सबंध धंदा उभा राहिला!

मग तोरण्यांच्या पदरीं कांहींच नाहीं काय? मी मालवणी मुलखाचा. त्यांच्या बाजूनें कौल द्यावा असें मनांत फार येतें. आपल्या संताची कथा, आपल्या नटांनीं केलेली, पडद्यावर यावी, हा विचार कोणत्याहि विलायती दुकानांत विकत मिळत नव्हता. एकाच जागेवरून घेतलेल्या चित्रानें त्यांचें समाधान झालें नाहीं, म्हणून त्यांनीं निरनिराळे भाग घेऊन ते जोडले, असेंहि सांगतात. पण ती फिल्म उरली नाहीं, तेव्हां पारखून पाहण्याची सोय नाहीं. कल्पनेचा मान तोरण्यांचा, कसबाचा फाळक्यांचा, इतकाच निवाडा मला प्रामाणिकपणें करतां येतो.

हाच गज आतां फोनला लावूं. ९ जानेवारी २००७ रोजीं ॲपलनें आयफोन जाहीर केला. स्पर्शानें चालणारा पडदा आयबीएमच्या 'सायमन'ला १९९४ सालींच होता. उलट, पहिल्या आयफोनला हलतें चित्र टिपतांच येत नसे. ती सोय २००९ सालीं आली. तरीहि मी त्यास नवा म्हणेन. दोन बोटांनीं चित्र लहानमोठें करण्याची प्रयोगशाळेंतली रीत त्यानें घरोघर नेली. आणि जुलै २००८ पासून बाहेरच्या कारागिरांनीं रचलेलीं ॲपें त्यावर चढूं लागलीं. फाळक्यांच्या घरानें जसा इतरांना धंद्याचा मार्ग दाखविला, तसेंच हें झालें. त्यापुढें पडदा घडी घालूं लागला, तें कसब खरेंच. पण पाठीवर एक भिंग अधिक बसविलें कीं युगान्तर झालें, हें मात्र मला पटत नाहीं.

हल्लीं आमच्याकडे जत्रेंत दशावतार रंगांत आला कीं प्रेक्षकांतून हात वर होतात, आणि हाताहातांत फोन असतो. एका जागेवरून, एकाच कोनांतून, राजाची तलवार फिरते तेवढी टिपली जाते. जॉन्सन याहून निराळें काय करीत होता? मात्र आतां फिल्म लंडनला जात नाहीं. राजा आंत जाऊन पाणी पितो न पितो, तोंच ती मुंबईंतल्या चाकरमान्याच्या हातीं पोंचलेली असते.