रेंडरिंग, मोबाइल ॲपमधील
ॲपमधील मजकूर व चित्रे ठरलेल्या वेळेत पडद्यावर उमटवण्याची प्रक्रिया. अँड्रॉइडच्या ३.० (२०११) आवृत्तीपासून ॲपचे रेखाटन जीपीयूद्वारे होऊ लागले, ४.१ (२०१२) मधील ‘प्रोजेक्ट बटर’ने ते पडद्याच्या ताजे होण्याच्या वेळेशी जुळवले (पहा : जीपीयू). ६० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेमला सु. १६.७ मिलिसेकंद मिळतात. ही मुदत हुकल्यास जुनीच फ्रेम राहते व स्क्रोलिंग अडखळते. उपाय : पडद्याबाहेर गेलेल्या ओळींचा पुनर्वापर, दाखवायच्या आकाराचीच चित्रे, पडदा हाताळणाऱ्या मुख्य थ्रेडवर हलके काम. मजकुराच्या मांडणीलाही वेळ लागतो : देवनागरीतील ‘क्षि’मध्ये वेलांटी संगणकात शेवटी साठवली जाते, पण आधी काढावी लागते. अशी मांडणी एकदाच करून साठवल्यास कमी क्षमतेच्या फोनवरही मराठी मजकूर सलग सरकतो (पहा : युनिकोड).