दहा ते चौदा : एक प्रस्तावना

सहावी-सातवीच्या पालकसभेत प्रगतिपुस्तकं वाटून झाली की एक प्रश्न हमखास येतो: मुलांवर लक्ष ठेवायचं म्हणजे किती? फोन उघडून बघावा का, क्लास सुटताना बाहेर उभं राहावं का, मित्रांच्या घरी चौकशी करावी का? हाच प्रश्न घेऊन तुम्ही या पुस्तकाकडे आला असाल, म्हणून या अभ्यासक्षेत्रातलं मला सर्वांत मोलाचं वाटलेलं संशोधन आधीच सांगून टाकतो.

हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट कर यांनी २००० साली स्वीडनमधल्या चौदा वर्षांच्या मुलामुलींचा आणि त्यांच्या आईवडलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पालकांची नजर कडक असली की मूल आडवाटेला लागत नाही, असं तोवर बहुतेक जण धरून चालले होते. या दोघांनी साधी शंका काढली: मूल कुठं जातं, कुणाबरोबर असतं, हे पालकांना कळतं कुठून? खोदून विचारण्यातून आणि नियमांतून कळतं ते थोडं. बरंचसं कळतं ते मूल आपण होऊन सांगतं म्हणून, असं निघालं. आणि जी मुलं घरी सांगत होती, त्यांच्या भानगडीही कमी होत्या. पुढे यावर वाद झाले. सरळ चालणाऱ्या मुलाकडे लपवण्यासारखं काही नसतं म्हणून ते सांगतं, की सांगतं म्हणून सरळ राहतं? हा पेच अजून पुरता सुटलेला नाही. पण प्रश्नाचा रोख बदलला तो बदललाच. घरी खरं सांगणं या मुलाला परवडतं का, हे आता विचारावं लागतं. पुढची सगळी प्रकरणं मी तरी हाच प्रश्न हाताशी धरून वाचली.

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते. त्यातला पहिला टप्पा, दहा ते चौदा, हा आपला विषय. पुण्याला या वयाबद्दलचं भांडण नवं नाही. १८९१ च्या कायद्याने मुलींचं संमतिवय दहावरून बारावर गेलं, तेव्हा याच शहरात टिळक आणि आगरकर समोरासमोर उभे होते. बारा वर्षांच्या मुलीच्या शरीराबद्दल वर्तमानपत्रांतून जाहीर भांडलेल्या या शहरात आज कितीतरी घरांत त्याच वयाच्या मुलीशी पाळीबद्दल चार वाक्यं बोलताना बापाची जीभ अडखळते.

पुण्याच्या विश्रांतवाडीत बसून हा विषय समजून घेणं सोपं जातं, कारण त्याची बहुतेक अंगं इथं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. एकाच चौकातून संरक्षण खात्याच्या वसाहतींतली, धानोरी-टिंगरेनगरच्या सोसायट्यांतली आणि आजूबाजूच्या वस्त्यांमधली मुलं शाळेला जातात. गणवेश वेगळे, टपरी एकच. टपरीच्या दोरीवर लटकणाऱ्या माळा एकदा थांबून बघा. शाम्पूच्या पुड्या, चिंचेच्या गोळ्या आणि त्यांच्यातच गोड सुपारी, मुलांच्या बरोबर डोळ्यांसमोर. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, अठराच्या आतल्याला देऊ नये, हा कायदा तर २००३ चा. तरी २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या भारतातल्या फेरीत १३ ते १५ वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरणारे निघाले. त्याहून मला हादरवणारा आकडा दुसरा आहे. तंबाखू चघळून पाहिलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांनी दहावा वाढदिवस यायच्या आत ती तोंडात टाकलेली होती. म्हणजे आपलं पहिलं प्रकरण सुरू होतं त्याच्याही आधी. ओढून घेण्याच्या नशेचंही तेच. एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत व्हाईटनर, सोल्युशन अशा हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलं. बाकी कुठल्याच नशेत असं दिसलं नव्हतं. कारण उघड आहे. ही वस्तू स्टेशनरीच्या नाहीतर पंक्चरवाल्याच्या दुकानात मिळते आणि खाऊच्या पैशांत बसते.

चौकातून आळंदी रस्त्याने येरवड्याकडे निघालं की मोहनवाडीत मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र लागतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केलं. पुण्यात गर्दचं व्यसन शिरलं होतं ते दिवस. व्यसन हा आजार आहे, आणि तो एकट्या माणसाला न होता अख्ख्या घराला होतो, ही समज महाराष्ट्रात रुजवण्यात मुक्तांगणचा वाटा फार मोठा आहे. तिथं रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालतो तो त्यामुळेच. आपलं क्षेत्र या कामाच्या वरच्या अंगाला, उगमाकडे उभं आहे. मुक्तांगणात चाळिशीचा माणूस आपली गोष्ट सांगतो, तिच्यातलं पहिलं पान आपण वाचायचं.

त्याच रस्त्यावर फुलेनगरला आरटीओ आहे. वाहन परवान्याच्या परीक्षेला आलेल्या कित्येक नवशिक्यांचा तोवर चार वर्षांचा सराव झालेला असतो, हे गुपित कुणालाच नवं नाही. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची बिनगिअरची गाडी चालवायची मुभा आहे. पण तशी पेट्रोलची गाडी आता बाजारात औषधालाही सापडत नाही. घरोघर असतात त्या ११० सीसीच्या. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही, अशी तरतूद झाली. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप होता, आणि जामिनासाठी घातलेल्या ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीची चर्चा देशभर झाली. त्या घराबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही. पण आपल्या गल्लीत 'जरा दूध घेऊन ये' म्हणत सातवीतल्या पोराच्या हातात किल्ली कोण देतं, हे आपल्याला ठाऊक असतं.

एकटं असताना शहाण्यासारखं वागणारं मूल चार मित्र जमले की वेड्यासारखं का वागतं, यावर पुढे मोठं प्रकरण आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या एका खेळावर हे तपासलं. सोबती बघत असताना किशोरवयीन मुलांनी पत्करलेली जोखीम जवळजवळ दुप्पट झाली. मोठ्या माणसांवर सोबत्यांचा परिणाम दिसलाच नाही म्हणावा इतका कमी. धोका कळत नाही असं नसतं. चौघांत आपली गणती व्हावी ही भूक त्या वयात धोक्याच्या जाणिवेवर मात करते. दहीहंडीचा वरचा थर हे तिचं आपल्याकडचं जाहीर रूप. तिथं लहान मुलांना चढवावं का, यावर मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं खल झाला आणि चौदा वर्षांची मर्यादा पुढे आली. पण हीच भूक आषाढात वेगळी दिसते. माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे जाताना विश्रांतवाडीतून जाते. त्या सकाळी तेरा वर्षांची पोरं पाण्याच्या बाटल्यांचे खोके खांद्यावर घेऊन दिंड्यांमधून धावत असतात. कुणी त्यांना ओरडत नाही, उलट 'ए दादा, इकडं दे' म्हणतात. वर्षातला एक दिवस त्यांना मोठ्यांमध्ये मोजलं जातं. उरलेल्या दिवसांचं काय, याचं उत्तर आइसलँडने शोधलं. तिथं १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी महिन्याभरात दारूची झिंग अनुभवली होती. २०१६ मध्ये ते प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. खेळ-संगीताच्या वर्गांना सरकारी पैसा, संध्याकाळी घरी परतण्याच्या वेळा आणि एका शाळेतल्या पालकांचे आपसांतले करार, असा तो मार्ग होता. तो जसाच्या तसा इथं चालणार नाही. पण पालकांनी आपसांत बोलावं याला सरकारी अनुदान लागत नाही.

आता अवघड भाग. मुलाने सांगावं असं आपण म्हणतो, पण आपल्या व्यवस्थेत सांगणं महाग पडतं. शाळेत सिगारेट सापडली की दाखला हातात. २००७ मध्ये राज्याने शाळांतलं लैंगिक शिक्षणच थांबवलं. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं त्याच महाराष्ट्राने. डॉ. राणी बंग यांच्या 'तारुण्यभान' शिबिरांनी ही उणीव काही प्रमाणात भरून काढली. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला, आणि सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिकंही आहेत. पण २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठराच्या आतला कुठलाही लैंगिक संबंध गुन्हा ठरतो, आणि तो कळला तर पोलिसांना कळवणं समुपदेशकालाही बंधनकारक आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलासाठी हे कलम आधार आहे, यात शंका नाही. पण एकमेकांच्या प्रेमात पडून घाबरलेली पंधरा वर्षांची दोघं 'मैत्री'च्या दारात येतात तेव्हा तेच कलम त्यांची तोंडं बंद करतं. कायदेतज्ज्ञ आणि डॉक्टर यांचं यावर एकमत नाही. पुस्तकात दोन्ही बाजू आहेत. माझा कल समुपदेशकाला थोडी मोकळीक देण्याकडे आहे, हे लपवत नाही.

कुठून वाचायला घ्यावं? मी झोपेच्या प्रकरणापासून सुरुवात करा म्हणेन, जरी ते अनुक्रमणिकेत शेवटी असलं तरी. वयात येताना मेंदूतलं झोपेचं घड्याळ तासा-दोन तासांनी पुढे सरकतं, हे मेरी कार्स्केडन यांच्या संशोधनाने दाखवलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये या वयाच्या शाळा साडेआठच्या आत भरवू नयेत अशी शिफारस केली. आपल्याकडे २०२४ च्या शासन निर्णयाने नऊच्या पुढे शाळा भरवायची ती चौथीपर्यंतची. पाचवीच्या मुलाची सुटका नाही. त्याची बस सकाळी साडेसहालाच चौकात उभी. रात्री फोनवर अकरा वाजवलेलं ते मूल त्या वेळी कुणाशी काही बोलेल ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याच्याशी बोलायचं असेल तर रात्री जेवणानंतर, दिवा मालवायच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं धरा, आणि तेव्हा अभ्यासाचा विषय काढू नका.